पोटातील यीस्टचा बागुलबुवा

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात आमच्या शिक्षककक्षात एक छापील प्रश्नावली आली आणि मधल्या सुट्टीत चहाबरोबर हातोहात फिरली. तुम्हाला वारंवार थकवा येतो का? गोड खावेसे वाटते का? पोट फुगते का? कामात लक्ष लागत नाही का? दमट हवेत त्रास वाढतो का? गेल्या काही वर्षांत प्रतिजैविके घेतली आहेत का? प्रत्येक होकाराला काही गुण होते. शेवटी बेरीज करायची आणि ती ठरावीक आकड्याच्या वर गेली, तर आपल्या आतड्यात 'यीस्ट' नावाची बुरशी माजली आहे, असे समजायचे. आम्ही सात जणांनी ती भरली आणि सातही जण बुरशीग्रस्त ठरलो. उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते. त्या दिवसांत न थकलेला शिक्षक शोधूनही सापडला नसता. दमट हवेच्या प्रश्नाला तेवढे कोणी होकार दिला नाही, कारण बीडच्या एप्रिलमध्ये दमट हवा आणायची कुठून?

आमच्यातील एका सहकाऱ्यांनी मात्र ते मनावर घेतले. साखर, पाव, दही, ताक, इडली सगळे बंद केले आणि प्रश्नावलीच्या तळाशी सुचवलेल्या कॅप्सूल मागवल्या. पहिल्या पंधरवड्यात त्यांना थोडे बरे वाटले. 'बघा, बुरशी मरते आहे,' असे ते सांगू लागले. तीन महिन्यांनी थकवा पुन्हा वाढला, वजन उतरले, तेव्हा रक्त तपासले. मधुमेह निघाला. सुरुवातीला बरे वाटले ते साखर बंद केल्यामुळे असणार. पण त्या बरे वाटण्यानेच चुकीच्या निदानावर शिक्कामोर्तब केले आणि खरी तपासणी तीन महिने लांबली. या प्रश्नावलीचे मूळ शोधावे आणि ती कसोटीला लावून पाहावी, असे वाटले ते यामुळे.

पुस्तकाचे म्हणणे

मूळ फार दूर नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम येथे सी. ओरियन ट्रस नावाचे डॉक्टर होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी असे लिहायला सुरुवात केली, की 'कॅन्डिडा अल्बिकन्स' हे आतड्यात राहणारे यीस्ट वाढले म्हणजे नैराश्यापासून सांधेदुखीपर्यंत अनेक विकार होतात. १९८३ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी टेनेसी राज्यातील बालरोगतज्ज्ञ विल्यम क्रूक यांचे 'द यीस्ट कनेक्शन' प्रसिद्ध झाले आणि ते अफाट खपले. आमच्याकडे आलेली प्रश्नावली म्हणजे क्रूक यांच्या प्रश्नावलीचे मराठी, बरेचसे कापलेले रूप होते. मूळ प्रश्नावलीत स्त्रियांची बेरीज १८० च्या वर आणि पुरुषांची १४० च्या वर गेली, तर यीस्टचा त्रास 'जवळजवळ निश्चित' मानला आहे.

क्रूक यांचे सगळेच म्हणणे टाकाऊ नाही, हे आधी सांगितले पाहिजे. प्रतिजैविके कारणाशिवाय घेऊ नयेत, त्यांनी आतड्यातील जीवाणू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत यीस्ट वाढते, हे खरेच आहे. आपल्याकडे सर्दी-पडशालाही प्रतिजैविकांची गोळी मागून घेण्याची जी सवय जडली आहे, तिच्याविरुद्ध कोणी बोलले तर त्याचे स्वागतच करावे. रोग्याचे गाऱ्हाणे 'मनाचे खेळ' म्हणून झटकू नये, हा त्यांचा आग्रहही योग्य होता. या पुस्तकांना इतके वाचक मिळाले, त्यामागे डॉक्टरांनी न ऐकून घेतलेल्या लोकांची संख्या मोठी आहे. अडचण आहे ती पुढच्या पायरीवर.

तीन प्रश्न

कोणत्याही अशा दाव्याला तीन प्रश्न विचारावेत. हे प्रश्न नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही विचारता येतात.

पहिला प्रश्न: ही लक्षणे त्याच रोगाची आहेत का? थकवा, पोट फुगणे, डोके दुखणे, चिडचिड ही लक्षणे रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइडचे विकार, जंत, अपुरी झोप आणि काळजी या सर्वांत आढळतात. जी चाळणी सगळ्यांनाच पकडते, ती कोणालाच निवडत नाही.

दुसरा प्रश्न: तुलना कोणाशी केली? कॅन्डिडा निरोगी माणसांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांच्या आतड्यात असतेच. मग विष्ठेच्या तपासणीत ती सापडली, तर त्यावरून रोग सिद्ध कसा होणार? गावातील प्रत्येक चोरीच्या वेळी पोस्टमन गावात होता, म्हणून त्याला चोर ठरवण्यासारखेच ते होईल.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हे म्हणणे खोटे ठरायचे असेल, तर काय घडावे लागेल? या उपपत्तीप्रमाणे पथ्याने बरे वाटले, तर यीस्ट होते. त्रास वाढला, तर यीस्ट मरताना विष सोडत आहे. काहीच फरक पडला नाही, तर पथ्य नीट पाळले नाही. तिन्ही वाटा एकाच घरी जातात. ज्या म्हणण्याला चूक ठरण्याची वाटच ठेवलेली नाही, ते म्हणणे कितीही शास्त्रीय शब्दांत मांडले तरी शास्त्र होत नाही.

याची परीक्षाही झाली, आणि योगायोग असा, की ती ट्रस यांच्याच गावी झाली. बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठातील डिस्म्यूक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'यीस्टचा त्रास' असल्याचे मानल्या गेलेल्या ४२ स्त्रियांना नायस्टॅटिन हे बुरशीनाशक आणि त्यासारखेच दिसणारे पोकळ औषध आळीपाळीने दिले. कोणाला कधी काय मिळते, हे डॉक्टरांना वा रुग्णांना ठाऊक नव्हते. १९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योनीमार्गातील खाज व स्राव यांवर नायस्टॅटिन सरस ठरले. थकवा, उदासी, डोकेदुखी अशा सर्वांगीण तक्रारी मात्र पोकळ औषधानेही तितक्याच कमी झाल्या. त्याआधी, १९८६ साली, अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने ही उपपत्ती तर्कावर आधारलेली व असिद्ध असल्याचे जाहीर केले होते.

समीक्षकाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २००१ साली नॉर्वेमध्ये ११६ रुग्णांवर झालेल्या अशाच एका चाचणीत नायस्टॅटिन पोकळ औषधापेक्षा बरे ठरल्याचे दिसले. रुग्णांची निवड प्रश्नावलीवरून झाली होती, काळ चार आठवड्यांचा होता आणि सुधारणेचे मोजमाप रुग्णांच्या सांगण्यावर होते. एवढ्यावरून उपपत्ती सिद्ध होत नाही. परंतु प्रश्न कायमचा मिटला, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेतील सतीश राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण न सापडणाऱ्या पोटाच्या तक्रारी असलेल्या रुग्णांच्या लहान आतड्यातील द्रव नळीने काढून तपासला, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत बुरशीची वाढ प्रमाणाबाहेर आढळली. येथला फरक लक्षात घ्या. द्रव काढला, बुरशी वाढवली, मोजली. तक्रारीही पोटाच्याच होत्या. 'काही रुग्णांच्या लहान आतड्यात बुरशी वाढते' हे विधान आणि 'थकलेल्या प्रत्येकाच्या पोटात यीस्ट आहे' हे विधान यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

फुगा आणि पोट

ही कल्पना शिकलेल्या माणसालाही का पटते? मला वाटते, त्याचे एक कारण आपल्याच प्रयोगशाळेत आहे. बाटलीत कोमट पाणी, साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून तोंडाला फुगा बांधायचा. अर्ध्या तासात फुगा उभा राहतो. हा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. तो पाहिलेल्या माणसाला 'गोड खाल्ले की पोट फुगते, कारण आत यीस्ट आहे' हे वाक्य एकदम पटते.

पण पोट म्हणजे बाटली नव्हे. बाटलीतील साखर फक्त यीस्टसाठी असते. आतड्यात ग्लुकोज लहान आतड्याच्या भिंतीतून झपाट्याने रक्तात शोषले जाते. बाटलीत यीस्टला स्पर्धक नसतो. मोठ्या आतड्यात मात्र एका ग्रॅममध्ये शंभर अब्जांच्या घरात जीवाणू असतात आणि बुरशीच्या पेशी त्यांच्या मानाने नगण्य असतात. मटकी किंवा हरभऱ्याची उसळ खाल्ल्यावर होणारा वायू हा मुख्यतः या जीवाणूंचा उद्योग असतो. रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या त्यांना पचतात. या वायूत हायड्रोजन असतो. साखर आंबवणारे यीस्ट कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल देते, हायड्रोजन देत नाही. वायूच्या घटकांवरूनच आरोपी वेगळा असल्याचे कळते.

मग पोटात कधीच दारू तयार होत नाही का? होते, पण क्वचित. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून असे रुग्ण नोंदले गेले. २०१३ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ६१ वर्षांच्या एका गृहस्थांची हकिगत प्रसिद्ध झाली. दारू न पिता ते झिंगत. त्यांना रुग्णालयात चोवीस तास देखरेखीखाली ठेवले, सामानाची झडती घेतली, पिष्टमय पदार्थ खायला दिले आणि रक्तातील अल्कोहोल मोजले, तेव्हा ते खरोखरच वाढलेले दिसले. त्यांच्या आतड्यात सॅकरोमायसिस, म्हणजे पाव फुगवणारे यीस्ट, सापडले. विलक्षण दावा कसा तपासावा, याचा हा नमुना आहे.

पाव खाल्ल्याने पोटात यीस्ट वाढते, हाही असाच एक समज. भट्टीच्या उष्णतेत पावातील यीस्ट मरते. शिवाय ते सॅकरोमायसिस असते, कॅन्डिडा नव्हे. आपली ज्वारी-बाजरीची भाकरी तर आंबवलेलीच नसते. ताक आणि दही हे प्रामुख्याने लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंचे काम आहे. ज्या घरात दुधाताकाचीच वानवा, तेथे ते पथ्य म्हणून बंद करायला सांगणे हे अज्ञानाबरोबरच क्रौर्यही आहे.

बुरशी खरी धोकादायक केव्हा?

बुरशी निरुपद्रवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९६९ साली 'लॅन्सेट'मध्ये एका निरोगी माणसाने प्रयोगादाखल कॅन्डिडाच्या सुमारे एकावर बारा शून्ये इतक्या पेशी गिळल्याची हकिगत आली. काही तासांत थंडी वाजून ताप भरला आणि रक्तात व लघवीत कॅन्डिडा सापडली. तो माणूस बरा झाला. अवाढव्य मात्रेत ही बुरशी आतड्याची भिंत ओलांडू शकते, एवढे त्यातून कळले. रोजच्या जेवणात इतकी मात्रा कोणाच्याच पोटात जात नाही.

खरा धोका अतिदक्षता विभागात असतो. शिरेत नळ्या, भारी प्रतिजैविके, कमी दिवसांची बालके, कर्करोगाची औषधे, अनियंत्रित मधुमेह अशा स्थितीत कॅन्डिडा रक्तात शिरते आणि प्राण घेते. भारतात अशा रुग्णांत अल्बिकन्सपेक्षा 'ट्रॉपिकॅलिस' ही जात अधिक आढळते. २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णिलेली 'कॅन्डिडा ऑरिस' तर अनेक औषधांना दाद देत नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची यादी केली, तिच्या सर्वांत वरच्या गटात ऑरिस आणि अल्बिकन्स या दोन्ही आहेत. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आपण 'काळी बुरशी' पाहिली. जूनअखेर देशात ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. ती यीस्ट नव्हती, म्यूकर वर्गातील बुरशी होती. पण धडा तोच. वाढलेली साखर आणि बेसुमार स्टिरॉइड यांनी दार उघडले आणि बुरशी आत शिरली. बुरशी बहुधा संधी साधते. म्हणून 'बुरशी आहे का?' याच्या आधी 'दार कोणी उघडले?' हा प्रश्न विचारायचा असतो.

बीडचा धडा

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. येथे बुरशीचा प्रश्न खरा आहे, पण तो पोटातल्या बुरशीचा नाही.

ऑक्टोबर उजाडला की बीडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाचटाच्या खोपीत राहायचे, पहाटे फडात जायचे. ना संडास, ना न्हाणीघर, ना पुरेसे पाणी. पाळीतही तेच काम, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, खाज, ओटीपोटात दुखणे या तक्रारी न झाल्या तरच नवल. यांतील काही तक्रारी कॅन्डिडाच्या असतात, काही जीवाणूंच्या, काही ट्रायकोमोनासच्या; काही वेळा स्राव नैसर्गिकच असतो. हे दुखणे किती सर्वदूर आहे, हे डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या अभ्यासातून १९८९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये दाखवले होते. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

बीडमध्ये या तक्रारींचे काय झाले, ते २०१९ मध्ये देशाने वाचले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. वयोगट अगदी जुळणारे नसले तरी तुलनेसाठी सांगतो, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातील हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. या शस्त्रक्रियांची कारणे अनेक होती: जादा रक्तस्राव, वेदना, खाड्याची भीती. पण पांढरे जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असे सांगितले गेल्याच्या हकिगतीही त्यांत होत्या.

येथे विज्ञानाचे पुस्तक उघडून पाहा. कॅन्डिडाचा संसर्ग असतो योनीमार्गात. काढली जाते गर्भाशयाची पिशवी. पिशवी काढल्याने तो संसर्ग जात नाही आणि तो संसर्ग म्हणजे कॅन्सर नव्हे. त्यावर क्लोट्रिमॅझोलच्या स्थानिक गोळ्या किंवा फ्लुकोनॅझोलची एक मात्रा बहुधा पुरते. निदानासाठी लागतो काचपट्टीवर एक थेंब, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, सूक्ष्मदर्शक आणि पीएच दाखवणारा कागद. कॅन्डिडात स्राव नेहमीसारखा आम्लधर्मी, साडेचारच्या आत राहतो. जीवाणूंच्या असंतुलनात पीएच त्याच्या वर जातो. आठवीतला विद्यार्थी जो कागद लिंबाच्या रसात बुडवतो, त्याच जातीच्या कागदावर एखाद्या बाईच्या गर्भाशयाचा निकाल अवलंबून असू शकतो.

औषधांचीही उणीव नव्हती. नायस्टॅटिन हे एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून शोधले. १९५० साली ते जाहीर झाले. आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक शोधले आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याला पिंपरीचेच नाव मिळाले: 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. ही दोन्ही औषधे बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटून पटलाला छिद्रे पाडतात. कॅन्डिडावरचे औषध महाराष्ट्राच्या मातीत सापडून साठ वर्षे झाली, तरी तोडीवरची बाई काचपट्टीपर्यंत पोहोचली नाही.

म्हणून मला ती प्रश्नावली आणि या शस्त्रक्रिया एकाच रोगाची दोन टोके वाटतात. एका टोकाला ऐपत असलेल्याला नसलेली बुरशी विकली जाते. दुसऱ्या टोकाला असलेली बुरशी न तपासताच गरिबाच्या शरीरातला अवयव काढला जातो. दोन्हीकडे वगळली जाते ती एकच पायरी, तपासणी. आणि दोन्हीकडे वापरले जाते ते एकच हत्यार, भीती.

वर्गात काय करावे?

'सकाळी पाण्याच्या पेल्यात थुंका. थुंकीचे धागे खाली लोंबले तर यीस्ट आहे' ही एक चाचणी प्रचलित आहे. विद्यार्थ्यांना ती घरी, ज्याने त्याने आपल्या पेल्यात करायला सांगावी. त्याबरोबर मिठाच्या पाण्यात, चूळ भरण्यापूर्वी आणि नंतर, अशा नोंदी करायला सांगाव्यात. जवळजवळ सर्वांना धागे दिसतील. लाळेत म्यूसिन हे चिकट द्रव्य असते. बुडबुडे तिला वर धरतात आणि जड भाग खाली ओघळतो. निरोगी-आजारी भेद ही चाचणी करतच नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

दुसरा प्रयोग कागदावरचा. दहा मोघम लक्षणांची यादी करा, वर्गातील निम्म्या मुलांना ती 'यीस्टची' आणि निम्म्यांना 'झोप अपुरी झाल्याची' म्हणून द्या. दोन्ही गटांची बेरीज सारखीच येते का, ते पाहा. तुलनागट म्हणजे काय, हे समजायला याहून स्वस्त साधन नाही. शेवटी यादी एकच होती, हे मुलांना सांगायला विसरू नये.

आमचे ते सहकारी आता मधुमेहाच्या गोळ्या घेतात, ताक पितात आणि ठणठणीत आहेत. ती प्रश्नावली त्यांनी फाडली नाही. दहावीच्या वर्गात 'चुकीचा प्रयोग ओळखा' म्हणून ते ती दरवर्षी वाटणार आहेत. त्या वर्गातील निम्म्या मुली दिवाळीनंतर आईबरोबर फडावर जातात. तेथे उद्या कोणी 'पिशवी काढ' म्हणाले, तर 'आधी तपासा' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले पाहिजेत.